ताकदीची गोळी

१९९२ साली घरातल्या धाकट्या सुनेचे डोळे पिवळे झाले, आणि कुणाला पत्ताच नाही. शिवणाच्या खोलीत पिवळा बल्ब होता. कापडाला दोरा जुळवायचा तर ती रीळ घेऊन खिडकीशी जायची. दिव्याखालच्या रंगावर तिचा भरवसा नव्हता. पण खिडकीशी आरसा धरून स्वतःचं तोंड कोण बघतंय? शेवटी एक गिऱ्हाईक बाईच तिथं ओरडली, "अहो, दोरा राहू द्या, आधी तुमचे डोळे बघा!"

थोरली जाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर विचारायचे धाकटीला, उत्तर द्यायची थोरली.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"औषधं कसली? ताकदीची एक गोळी घेते, झालं."

 खरं तर धाकटीची ती गोळी उदासीची होती. आदल्या वर्षी तिने अंथरूण धरलं होतं, मशीनवर धूळ साचली होती. त्या गोळीने ती उठली. चारचौघांत शोभा नको म्हणून थोरलीने त्या गोळीला 'ताकदीची' म्हणायला सुरुवात केली आणि म्हणता म्हणता थोरलीलाच ते खरं वाटू लागलं.

डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, पाणी उकळून प्या. ती पाणी उकळून प्यायली. अंगाला खाज, अन्नाचा वास नको. आणि थोरली रोज सकाळी हातावर गोळी ठेवायची, "किती अशक्त झालीस गं, ही चुकवू नकोस!" धाकटी ती गिळायची. तिला काविळीपेक्षा त्या अंथरुणाची भीती होती.

पुन्हा रक्त तपासलं, तर आकडे आणखी चढलेले.

"दारू वगैरे घेता का?" डॉक्टर वैतागले.

"आमच्या घरात? शिव शिव!" थोरली उसळली.

धाकटीच्या डोक्यात सणक गेली. "जाऊबाई, पुरे! डॉक्टर, ती गोळी ताकदीची नाही, मनाच्या आजाराची आहे."

"मग इतके दिवस मी पाणी काय उकळत बसलोय?"

"पाणी मी उकळत होते," धाकटी म्हणाली.

डॉक्टर ओशाळले. "क्वचित कुणाच्या यकृताला ती सोसत नाही. आजपासून बंद."

"आणि मी परत अंथरूण धरलं तर?"

"तुमच्या मनाच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करतो. दुसरी देतील, रक्त तपासत राहू."

मधले दिवस वाईट गेले. थोरली रोज मशीन पुसून ठेवायची. डोळे निवळले, दुसरी गोळी सोसली, आणि धाकटी म्हातारपणापर्यंत शिवत राहिली. ते डॉक्टर निवृत्त होईपर्यंत प्रत्येकाला विचारत, "ताकदीची काही घेता का? दाखवा!" थोरलीला पुढे मधुमेह झाला. दवाखान्यात गेली की ती गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायची. "तुम्हीच वाचा. मी काही बोलत नाही बाई!"