मांडीच्या मापाची खुर्ची

भर दुपारी उकंडराव अंगणात मांडी घालून बसला होता आणि मनकर्णाबाई त्याच्या भोवतीनं राखेची रेघ ओढत होती. रस्त्यानं जाणारा कचरू कुंपणापाशी थबकला.

"काय गा उकंडराव, बाहेरचं लागलं का काई? भगत बलावू का?"

"माप घेऊन राह्यलो बे! खुर्चीचं माप!"

"राखेनं?"

"तुमीच इचारा भाऊजी याइले," मनकर्णाबाईनं राखेचं टोपलं आपटलं. "सकायपासून मले जुपलं. तिकडं गोठ्यात शेण तसंच पडलं हाये."

आता हे खुर्चीचं खूळ कुठून निघालं ते सांगतो. उकंडरावाचा हर्षल एकुलता एक. शिकलेला, अंगानं धट्टाकट्टा, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. काळी कसदार जमीन, विहिरीला पाणी. पण पोरीवाले विचारत, "मुलगा काय करते?" हे म्हणत, "शेती." झालं! पाहुण्यांना लगेच घरची कामं आठवत. जानेफळात हर्षलच्या बरोबरीची पोरं अशीच घोडनवरी होऊन बसली होती, त्यामुळे लाज कुणाला वाटत नव्हती, घोर मात्र सगळ्यांना होता. मनकर्णाबाईनं तर गावातला एकही देव नवसावाचून सोडला नव्हता.

तेवढ्यात तिचा भाऊ भागवत बुलढाण्याचं स्थळ घेऊन आला. पोरीचं नाव पुष्पांजली. बाप महादेवराव, हपीसात बाबू.

"पोरगी नंतर दाखवतीन. आधी थे घर पाहाले येऊन राह्यले," भागवतानं बजावलं. "अन् दाजी, घरात डायनिंग टेबल पायजेच. त्याइले खाली बसता येत नाई. मांगच्या पाव्हण्यानं पाटावर बसल्याबसल्या नावं ठेवली होती, ध्यानात हाये ना?"

"मंग मेहकरहून इकत आणू," मनकर्णाबाई म्हणाली.

"इकत कायले?" उकंडराव उसळला. "वावराच्या धुऱ्यावरचा कडूलिंब वादळात पडून चांगला सुकून राह्यला. मी सोता करतो!"

त्याचं काय होतं, हर्षलनं बापाला मोबाईलवर यूट्यूब लावून दिलं तेव्हापासून उकंडराव बिघडला होता. त्यात एक गोरा माणूस होता. कपड्याला डाग नाही, कपाळाला घाम नाही, अन् चहा थंड व्हायच्या आत टेबल तयार! वखराचा दांडा अन् बाजेचे पाय जन्मभर ठोकलेल्या उकंडरावाला वाटलं, हा लेकाचा करतो तर आपण काय मेलो?

पण नक्कल करील तो उकंडराव कसला! डिझाईन सोताचं पाहिजे.

"पाह्य बे हर्षल," तो पटाशीला धार लावत म्हणाला, "खुर्चीवर बसलं का आपुन पाय वर घेतोच का नाई? ग्रामपंचायतीत पाह्य, सोसायटीत पाह्य, सारे मांडी घालूनच बसते. मंग खुर्चीच मांडीच्या मापाची काऊन नाई करत कोनी?"

आणि तो मापासाठी अंगणात मांडी घालून बसला. आरा मशीनवरून फळ्या कापून आल्या, राखेच्या रेघेबरहुकूम खुर्च्या झाल्या. एकेक खुर्ची अशी ऐसपैस की तीत शेळी व्याली असती. मग अशा खुर्च्या टेबलाभोवती मावेनात, म्हणून टेबल लांबवलं. मांडी घातली की गुडघे टेबलाला लागत, म्हणून ते उंच केलं. लांबवलेलं टेबल ओसरीत बसेना, म्हणून बाज गोठ्यात गेली.

"बाबा, हे टेबल हाये का मचान?" हर्षलनं रंधा थांबवून विचारलं. "हरभरा राखाले बसता का याच्यावर?"

"तू सांधे नीट बसव. बायकोवाला होशीन तं याच्याच जिवावर होशीन!"

सांधे पोरानं खरंच नीट बसवले. हात चांगला होता त्याचा. भुसा मात्र घरभर झाला. भाकरीत भुसा, वरणात भुसा. मनकर्णाबाई दिवसभर कडाकडा बोलायची आणि तिन्हीसांजेला गुपचूप खुर्चीला पदरानं पुसायची. आशा वाईट असते हो!

ठरल्या दिवशी पाहुणे आले. महादेवराव, त्यांची बायको आणि म्हातारी आई. (बाबू माणूस, त्यांना एकेरी कसं म्हणायचं?) जमीन पाहिली, विहीर पाहिली, संडास पाहिला, आणि पानं वाढली गेली. महादेवराव खुर्चीवर चढले. मागं टेकले तर पाय लहान लेकरासारखे समोर ताठ. पुढं सरकले तर ताट हनुवटीला. इन केलेला शर्ट, आवळलेला पट्टा, आणि वांग्याच्या भाजीचा रस्सा दाढीपाशी! भागवत दाजीकडं असा बघत होता की जणू त्यानं पाहुण्याला खोड्यात अडकवलं. मनकर्णाबाईला वाटलं, गेलं हेही स्थळ.

म्हातारी मात्र टेबलाला धरून वर चढली, ऐटीत मांडी घातली आणि रोडगा तुपात कुस्करला.

"बाई माय! किती दिसानं पोटभरून जेवून राह्यली मी! महादेव, आपल्या घरच्या खुर्चीवर लोंबून लोंबून पाय सुजते माह्ये. घे ना पाय वर! कोन पाह्यते तुले इथी?"

महादेवरावांनी इकडंतिकडं पाहिलं, पट्टा सैल केला आणि पाय वर घेतले. मग काय विचारता! रोडग्यामागून रोडगा. जेवण झाल्यावर त्यांनी खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो काढले, सांध्यांवरून बोट फिरवलं.

"हर्षल, तुमी केलं हे?"

"बाबाची डिझाईन, माहे हात."

"वा! कळवतो."

त्या दिवसापासून उकंडराव मोबाईल खिशात घालूनच पाणी द्यायला जाऊ लागला. हर्षल "मले काई फरक नाई पडत" म्हणायचा आणि सांगितल्यावाचून कटिंग करून आला.

एका सकाळी फोन वाजला. भागवत आलेलाच होता. उकंडरावानं स्पीकर लावला.

"उकंडराव, आमची बुढी तुमच्या खुर्चीचंच नाव घेऊन राह्यली! बरं, आनंदाची गोष्ट अशी का पुष्पांजलीचं जमलं!"

मनकर्णाबाईनं धावत जाऊन साखरेचा डबा आणला आणि पहिली चिमूट भावाच्या तोंडात कोंबली.

"चिखलीचा पोरगा हाये. नोकरीवाला. तुमच्या हर्षलमंदी खोट नाई, बरं का! पन शेती म्हटल्यावर... तुमी समजू शकता. तं म्हटलं, आंदणात द्याले असंच टेबल अन् खुर्च्या करून देसान का? फोटो दाखवला तं जवायाले लय पसंत पडल्या."

भागवताला साखर गिळवेना की थुंकवेना. मनकर्णाबाई पेटली, "सांगा त्या मेल्याले! तुह्याच हाडाची खुर्ची करून देतो म्हना!"

हर्षलनं बापाच्या हातातून फोन घेतला.

"देतो करून काका. लिंब हाये अजून."

फोन ठेवला तशी माय अंगावर धावली. "हो काऊन म्हटलं बे? लाज नाई वाटत? पोरगी नाई देल्ली त्यानं तुले!"

"मी नाई पसंत पडलो माय, खुर्ची तं पसंत पडली ना," हर्षल रंध्याचं पातं काढून पुसत म्हणाला. "जाऊ दे तिले तरी नांदाले."

उकंडराव हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. आणि लेकीची पाठवणी जिच्या नशिबातच नव्हती ती मनकर्णाबाई ओसरीतल्या खुर्चीला धरून पोरीच्या आईसारखी धाय मोकलून रडली.