देवीनं मागितलेला दवाखाना

तीन-तीन भाकरी खाऊनही भिवराबाईच्या अंगावर मांस धरत नव्हतं. बसल्या जागी छातीत धडधड सुरू व्हायची, हात थरथरायचे, घाम फुटायचा. गळ्याशी लिंबाएवढी गाठ आलेली, आणि डोळे असे बटबटीत झालेले की शेजारची लेकरं तिला बघून आईमागं लपायची. पाटोद्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या हकिमानं तिची नाडी धरली.

"दिल लई जोरात पळतंय," तो तिच्या नवऱ्याला, त्रिंबकला म्हणाला. "हिला चालवू नका, दमवू नका. गाडीत निजवून बीडला निजाम सरकारच्या दवाखान्यात न्या. माज्याकडं इलाज न्हाई."

त्रिंबक नेणारच होता. पण मध्येच देवी आडवी आली.

चैत्री पौर्णिमेला देवळात संबळ वाजला आणि भिवराबाईचं काळीज त्याच्याही पुढं धावू लागलं. ती मटकन खाली बसली. अंग लटलट कापत होतं, डोळे विस्फारले होते. सासूनं, केसरबाईनं, तिथंच हात जोडले. "आई आली गं! माज्या सुनंच्या अंगात आई आली!" बारा वर्षं जिनं सुनेला धड नावानं हाक मारली नव्हती, ती पायांवर डोकं ठेवून रडली. गावात शहाणी माणसं नव्हती असं नाही. पण देवीपुढं शहाणपण कोण पाजळणार?

मग दर मंगळवारी लोक येऊ लागले. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाच्या लेकीचं जमत नव्हतं. संबळ वाजे, हिची छाती फुटायला येई, आणि तोंडातून निघेल तो कौल.

"अवो, ह्यो रोग हाय," ती त्रिंबकला सांगायची. "मला मरायचं न्हाई. बीडला न्या."

"मायला पटंना," एवढंच तो म्हणायचा. बायकोवर जीव होता त्याचा, पण आईपुढं तोंड उघडायची टाप नव्हती.

सुनेचं कुणी ऐकत नाही, देवीचं सगळे ऐकतात, हे भिवराबाईला चार मंगळवारांनी उमगलं. पाचव्या मंगळवारी तिनं केस मोकळे सोडले, डोळे सासूवर रोखले आणि जमेल तेवढ्या जाड आवाजात ओरडली, "मला बीडला न्या! दवाखान्यात न्या! उद्याच न्या!" देवीच्या नावानं खोटं बोलताना तिची बोबडी वळायची तेवढी राहिली होती. पण केसरबाई चटकन आडवी पडली. "तुजा सबूद परमान, आई!" भिवराबाईला कित्येक दिवसांनी हसू आलं. ते तिनं गिळलं.

सकाळी ती बाहेर आली तर अंगणात संबळ होता, हलगी होती, अर्धं गाव होतं.

"आत्याबाई, गाडी कावून न्हाई?"

"देवीची स्वारी गाडीत बसती व्हय?" केसरबाईनं मायेनं तिचा मळवट भरला. "अनवानी जायचं, उपाशी जायचं, खेळत जायचं. तू भिऊ नगं, आई न्हेती तुला."

पुन्हा देवी होऊन दरडावावं तर त्याला छातीत दम लागतो. तो आता कुठला?

वैशाखाचं ऊन. वाटेवरच्या प्रत्येक गावात बायकांनी तिच्या पायांवर घागरी ओतल्या, पण उपास मोडू नये म्हणून तोंडात एक थेंब घातला नाही. मांजरसुंब्याच्या घाटात तिचे गुडघे मोडले. त्रिंबकनं तिला सावरलं, तेव्हा त्याचा हात तिच्या छातीवर पडला. आत काय चाललं होतं ते त्याला तेव्हा कळलं, आणि तो साऱ्या गावासमोर पहिल्यांदा ओरडला, "बंद करा रं वाजवणं! मरंल ती!"

तिचं अंग कापताना पाहून संबळवाल्या म्हाळूनं उलट आणखी जोरात वाजवायला घेतलं. देवी खेळायला लागल्यावर वाजवणारा थांबत नसतो.

त्रिंबकनं तिला पाठीवर घेतलं आणि बीडच्या दिशेनं पळत सुटला. गाव वाजवत मागोमाग. त्याच्या पाठीला तिची धडधड लागत होती, अडखळत, तुटत. पुढच्या वळणावर ती लागेनाशी झाली. तरी तो पळतच राहिला, कारण थांबला असता तर तिला खाली ठेवावं लागलं असतं.

केसरबाईनं धापा टाकत त्याला गाठलं. सुनेचा लोंबणारा हात तिनं हातात घेतला, नीट निरखून पाहिला आणि आनंदानं गावाकडं वळली.

"थरथर थांबली! बघा रं, दवाखान्याच्या आदीच आईनं बरी केली!"