ठकूबाईचा विस्तव

ठकूबाईनं बांधावरून पडून मांडीचं हाड मोडून घेतलं, त्याला वर्ष होत आलं होतं. हाड जुळलं, पण शहापूरच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांचं तेवढ्यानं समाधान होईना. रोगी घरी जाऊन जगतो कसा, हे बघायला ते सायकल हाणत किन्हवलीपुढच्या पाड्यावर आले.

"पाणी कोण आणतं?"

"मीच. हंडाभर भरते, त्यातलं अर्धं हा पाय सांडतो."

"झोप लागते?"

"उठवाया कुनी नाय, मंग लागनारच."

"बोलता कुणाशी?"

"कोंबडीशी. आयकते बिचारी. अंडं मातूर दुसऱ्याच्या घरात घालते."

डॉक्टरांनी तिला उठबस करायला लावली, तांदूळ निवडायला लावले. सगळं जमलं. मग चूल पेटवायला सांगितली. चूल गार.

"विस्तव राहत नाही?"

"नाय. रोज लहानीकडनं आनते."

लहानी शेजारीण. खरं तर राखेत विस्तव राखणं ठकूबाईनं जन्मभर केलं होतं. नवरा गेल्यापासून मात्र जेवण झालं की ती निखाऱ्यांवर स्वतःच तांब्याभर पाणी ओतायची. सकाळी खापरी घेऊन लहानीच्या दारी जायचं, आणि चांगलासा निखारा निवडेपर्यंत दोन गोष्टी बोलून घ्यायच्या. दिवसातलं माणसाशी बोलणं तेवढंच. पण हे सांगावं, तर डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घालायचे.

डॉक्टर हळहळले. त्यांनी तिच्या हातावर काडेपेटी ठेवली आणि जाता जाता लहानीलाही सांगितलं, "आता या तुम्हाला त्रास देणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच काडीला चूल पेटली. काडीनं जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. ठकूबाई चुलीपुढं बसून राहिली. मग तिनं खापरीत निखारा घेतला आणि लहानीचं दार गाठलं.

"विस्तव घे गो."

लहानीनं आपल्या भडकलेल्या चुलीकडं बघितलं, भाकरी उलटली. "माज्याकडं हाय की, काकी."

"असू दे. लागंल."

"नको. तुजी सोय झाली, बरं झालं."

ठकूबाई पुढं राघोकडं गेली, मग गोजरकडं. कुणालाच विस्तव नको होता. एवढा सुखी पाडा तिनं कधी बघितला नव्हता. फिरता फिरता निखारा पांढरा पडला. तशी ती परत लहानीकडं आली.

"विझला गो. दे एक."

"तुज्या घरात चूल पेटलीय ना?"

"पेटलीय."

"मंग?"

ठकूबाई खापरी पुढं धरून दारात उभी राहिली.