धाकटीच्या नावाचा साप

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. देवापुढे घेतलेला नेम, अकरा वर्षं पाळतेय. संग्रहालयातल्या कामात त्याची अडचण होत नाही. बरणीतले साप कुठे उत्तर मागतात?

एकसारख्या दिसणाऱ्या तपकिरी सापांच्या पोटावरचे खवले मोजून जाती वेगळ्या करायला धाकट्या जावेला मीच शिकवलं. दुसऱ्याच वर्षी ती म्हणाली, "ताई, हा नेहमीचा नव्हे. याला सतरा खवले जास्त आहेत." ती बरणी मी कितीदा पुसून ठेवली होती. संग्रहालयाच्या प्रमुख सरांनी तपासलं. जात नवी निघाली आणि तिला धाकटीचं नाव द्यायचं ठरलं. सासूबाईंनी घरोघरी जाऊन सांगितलं. मीही हसून सांगितलं. पोटात मात्र दुखत होतं, आणि ते दुखणं काढ्याने जाणारं नव्हतं.

ज्या एका सापावरून नाव ठरतं, त्याच्या शेपटीला लाल चिठ्ठी बांधतात. धाकटीने ती आदल्या दिवशी बांधली होती. नव्या जातीची माहिती देणारा निबंध आज सकाळी अकराला छापायला जायचा होता. सकाळी बरण्या लावताना मी सवयीने त्या सापाचे खवले मोजले. एकशे एकाहत्तर; नव्या जातीचे एकशे अठ्ठ्याऐंशी हवेत. पुन्हा मोजले, तेवढेच. चिठ्ठी शेजारच्या, नेहमीच्या सापाला लागली होती. निबंधातही त्याचाच क्रमांक होता. तसाच गेला तर नवं नाव जुन्याच जातीवर पडून बाद होणार.

"ताई, सगळं ठीक ना?" धाकटीने विचारलं.

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. नेम न बोलण्याचा होता, न लिहिण्याचा नव्हे. पेन्सिल माझ्या हातातच होती.

अकराला पाच कमी असताना सर म्हणाले, "पाठवू?"

"पाठवा. चूक असती तर ताई बोलल्या असत्या," धाकटी म्हणाली.

"त्या? बाराच्या आधी आग लागली तरी बोलायच्या नाहीत."

दोघं हसली. देवाच्या आडून मी काय करत होते, ते मला तेव्हा लख्ख दिसलं.

"थांबा," मी म्हणाले. "साप चुकलाय."

धाकटीने मोजलं. तिचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, "माझ्यापायी तुमचा नेम मोडला."

"तो मघाशीच मोडला, मान हलवली तेव्हा. मला आधीच दिसलं होतं."

मग तिने खरा साप चिमट्याने बाहेर काढून माझ्यापुढे ठेवला.

"चिठ्ठीची गाठ तुम्हीच बांधा," ती म्हणाली. "मी बघते."

मी बांधली. पोटातलं दुखणं होतं तिथेच होतं.