कायदा उठल्यानंतरची हजेरी

सहादेव पारधी चोर होता, कारण त्याचा बाप चोर होता. आणि बाप चोर होता, कारण इंग्रजाच्या कायद्यात अख्खी जातच चोर ठरली होती. दोघांनी जन्मात कुणाचं चिपाडही उचललं नव्हतं. पण पाथर्डीच्या वाटेवरच्या करंजवाडीत दिवस मावळला की पालांतल्या प्रत्येक बाप्याने चावडीपुढे उकिडवं बसायचं आणि नाव घेतलं की 'हाजीर' म्हणायचं. शीव ओलांडायची तर गहिनीनाथ पाटलाकडून दाखला घ्यायचा. विनादाखला सापडला की तुरुंग.

आणि हजेरी संपली की हाच पाटील सहादेवाला म्हणायचा, "चल, खळ्यावर जाऊन बस."

पारध्याच्या राखणीतला दाणा हलत नाही, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. सांजेला चोर म्हणून मोजलेल्या माणसाच्या हवाली गाव आपली वर्षाची भाकरी करायचं आणि निवांत झोपायचं. यात काही वावगं आहे असं कुणालाही वाटत नव्हतं.

सहादेवाची लेक लंका भिंगारला दिली होती. स्वराज्य आलं त्या साली ती पहिल्या बाळंतपणात अडली. गावोगाव बांगड्या विकत हिंडणाऱ्या भिंगारच्या कादरने सांगावा आणला, "लवकर चला, पोरीचं काही खरं न्हाई."

सहादेव पाटलाकडे पळाला. पाटील ओट्यावर सुपारी कातरत होता.

"उद्या फौजदार यायचा हाय," तो म्हणाला. "एक जरी गडी कमी भरला तर पाटीलकी जाईल माजी. बायकोला धाड. बाप्याचं काय काम हाय तिथं?"

कडूबाई एकटीच गेली. सहादेव सांजेला चावडीपुढे बसला आणि नाव आल्यावर 'हाजीर' म्हणाला. दुसऱ्या दिवशी फौजदार आलाच नाही. कडूबाई परत आली ती लेकीला माती देऊन.

"बा आला का, बा आला का, एवढंच इचारत हुती," ती म्हणाली. नंतर तिने तो विषय काढला नाही. सहादेवाला तेच जास्त लागलं.

एकोणपन्नास सालच्या दसऱ्याच्या आसपास कादर पुन्हा पालांवर आला. बाजरी काढायला आली होती. पाणी पिता पिता त्याने सहज विचारलं, "आता तर तुमी मोकळे झाले, मग भिंगारला का न्हाई येत?"

"मोकळे कसे?"

"कायदा उठला की. पावसाळ्यातच उठला. आमच्याकडच्या पारध्यांची हजेरी तवाच बंद झाली. तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

कुणी सांगितलं नव्हतं. तालुक्याहून पाटलाला हुकूम आला होता, तो त्याने ऐकून सोडून दिला होता. खळी तोंडावर आली होती. पारधी मोकळे झाले तर फुकट राखण कोण करणार?

त्या संध्याकाळी सहादेव पालापुढेच बसून राहिला. पाटलाचा गडी गोरक्ष बोलवायला आला.

"पाटील वाट बगत्यात."

"बगू दे. कायदा उठलाय. सांग जा त्यांना."

पालांतले बाकीचे बाप्ये मान खाली घालून चावडीकडे गेले. त्यांना दोष देता येत नाही. गावाच्या काठ्या त्यांच्या पाठींनी ओळखल्या होत्या.

थोड्या वेळाने पाटील स्वतः आला.

"कायदा मुंबईत उठला आसंल. करंजवाडीत मी हाय."

"व्हय पाटील, तुमी हाय," सहादेव म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "पन मी हजेरी देनार न्हाई. आन तुमचं खळं बी राखनार न्हाई. चोराच्या हाती खळं दिऊ नये मानसानं."

पाटील परत फिरला. दुसऱ्या दिवसापासून वाण्याने कडूबाईला मीठ द्यायचं बंद केलं.

खळ्यावर दुसरा राखणदार बसला नाही. बाजरी मळून झाली आणि एका पहाटे बरीच पोती गेलेली दिसली. माग काढायची कुणाला गरजच वाटली नाही. दुपारी फौजदार आला, सहादेवाला पालातून ओढून चावडीपुढच्या लिंबाला बांधलं आणि अख्ख्या गावासमोर वेताने फोडलं. पोती कुठे आहेत, एवढाच प्रश्न. सहादेव एकच सांगत राहिला, "मला ठावं न्हाई."

माणसं बघत उभी होती. त्यांतल्या कितीतरी जणांची खळी त्याने राखली होती.

बाजारोबाजार हिंडणाऱ्या कादरच्या काही नजरेला पडलं असेल, म्हणून कडूबाई भिंगारला पळत गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आली. फौजदार पाटलाकडेच मुक्कामाला होता आणि सहादेव अजून लिंबालाच बांधलेला होता. कादरला भीती वाटत होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो फौजदारापुढे उभा राहिला.

"साहेब, ती पोती मी भिंगारच्या बाजारात बगितली. पाटलाचा पुतन्या भिमाजी इकत हुता. पोत्यांवर पाटलाच्याच घरची निशानी हुती."

"तुझा काय संबंध? उगाच नसती लफडी करू नकोस. दिवस बरे नाहीत तुम्हा लोकांचे."

"ते ठावं हाय साहेब. पन बगितलं ते बगितलं."

भिमाजीला बोलावलं. तो नाही म्हणाला नाही, हसला. पाटलाचा चेहरा उतरला, मग सावरला. फौजदार आणि पाटील आत जाऊन बसले. चहा झाला. बाहेर येऊन फौजदार म्हणाला, "घरातली बाब आहे. तक्रार मागे घेतली आहे. सोडा त्याला."

लोक पांगू लागले. तेवढ्यात कडूबाई चावडीच्या पायरीपुढे आली. पारध्याची बाई तिथवर कधी आली नव्हती.

"फौजदारसाहेब, माज्या मालकानं न्हाई नेली तर त्याची पाठ सोलली. यानं नेली तर घरातली बाब? मग आजपासनं ह्याची हजेरी घ्या. ह्याच्या बापाची घ्या, ह्याच्या पोरांची घ्या. जलमल्यापासनं घ्या."

फौजदार घोड्याकडे वळला. पाटील म्हणाला, "हिला कुनी तरी घालवा रं."

गोरक्ष पुढे आला आणि जागीच थांबला. कुणीच तिला हात लावला नाही. ती नवऱ्याच्या दोऱ्या सोडायला गेली. गाठी घट्ट होत्या. कादरने हात लावला तेव्हा सुटल्या.

पाठ भरून यायच्या आधीच त्यांनी पाल मोडलं आणि भर दुपारी, कुणाला न विचारता, गावातल्या मोठ्या रस्त्याने ती दोघं भिंगारकडे निघाली. सहादेवाला तिथे खडी फोडायचं काम मिळालं. लंकाला माती दिलेली जागा कडूबाईने त्याला दाखवली, तेव्हा तो तिथे दिवसभर बसून होता.

करंजवाडीत हजेरी पुढेही चालूच राहिली. सरकारने विचारलं नाही, गावाला लाज वाटली नाही. पालांतले बाप्ये एकेक करून गाव सोडून गेले, आणि घेण्यासारखं नावच उरलं नाही, तेव्हा ती बंद पडली.