लाँड्री का बुडाली

ताईचे मिस्टर विमा कंपनीत कारकून होते तोवर त्यांना कुणी काही विचारत नसे. मग वर्तमानपत्रात त्यांचं सदर सुरू झालं, 'कमाईची वाट' नावाचं, आणि बघता बघता ते सगळ्यांचे सर झाले. दुकान कुठे टाकावं, नोकरी कधी सोडावी, पगारातलं किती बाजूला काढावं, अर्ज कसा लिहावा, सगळ्यावर त्यांचा लेख असायचा. लोक रस्त्यात थांबवून विचारत. स्वतः सरांनी आयुष्यात कधी सुईदोराही विकला नव्हता, पण ते कुणाच्या ध्यानात येत नसे. लिहिण्याचा हात मात्र चांगला होता. वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस या सगळ्यातून पोळून निघालाय.

लेख छापायला जाण्याआधी ताई वाचायची. लग्नाआधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होती. ऱ्हस्वदीर्घ, अडखळणारी वाक्यं, दोनदा आलेला शब्द तिच्या नजरेतून सुटत नसे. सरही तिचं ऐकत. निदान व्याकरणापुरतं.

ताईच्या धाकट्या भावाची लाँड्री होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे धुलाईचं मशीन, वर तारेवर टांगलेले कोट. आसपासच्या घरांतले कपडे त्याला माणसांसारखे ओळखू यायचे. कॉलर बघून म्हणायचा, "हा रोजचा घाम नाही, कुणीतरी मुलाखतीला जाऊन आलंय." भावोजींवर त्याची भारी भिस्त. त्यांच्या लेखांची कात्रणं त्याने टेबलामागच्या भिंतीवर चिकटवली होती. वाफेने ती फुगायची, की तो पुन्हा चिकटवायचा.

एका रविवारी तो जेवायला आला तो अस्वस्थच होता. स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलाने त्याला विचारलं होतं. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, सगळी धुलाई त्याच्याकडे. पण त्यासाठी मोठं मशीन घ्यावं लागणार होतं, आणि घरगुती गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागणार होतं. दोन्ही सांभाळणं एका दुकानात बसत नव्हतं.

"काय करू, भावोजी?"

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. असा प्रश्न आला की ते जरा ताठ बसत.

"पन्नास घरांचे शर्ट सांभाळण्यापेक्षा एक हॉटेल सांभाळ. धंदा वाढवायचा तर लहान गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकलं पाहिजे. ती घरं तुला आहे तिथेच ठेवतील."

ताई वाढत होती. तिला राहवलं नाही. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? हॉटेलवाल्यांचा काय भरवसा?"

"म्हणून तर तू मुद्रितं तपासतेस आणि मी लिहितो," सर म्हणाले. तिघंही हसले. ताईसुद्धा हसली.

भावाने मशीन घेतलं. पुढचं इस्त्रीचं टेबल काढून तिथे चादरींचे गठ्ठे रचले. घरोघरी जाऊन हात जोडून सांगितलं की आता जमणार नाही. शेवटच्या घरातल्या रिटायर बाईंनी विचारलं, "आमचं काही चुकलं का रे?" ते त्याने ताईला येऊन सांगितलं.

काही काळ बरा गेला. सोड्याने त्याच्या बोटांना भेगा पडल्या, पण तो खुशीत होता. मग हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकाने तळघरात स्वतःची मशीनं बसवली आणि एका सकाळी फोन आला की उद्यापासून गाडी पाठवू नका. एवढंच. कागदावर काही ठरलेलं नव्हतंच. भावाने ते एकदा विचारलं होतं, पण सर म्हणाले होते की सुरुवातीलाच कागद मागितला तर मोठा माणूस बिचकतो.

तो पुन्हा घरोघरी गेला. लोक चांगले बोलले, पण कपडे कुणी दिले नाहीत. कोपऱ्यावर दुसरी लाँड्री निघाली होती आणि सगळ्यांची तिथे सवय झाली होती. सोडून गेलेल्याला परत बोलावण्याइतकी नड कुणालाच नव्हती. मोठं मशीन घेतलेल्या किमतीच्या निम्म्यालाही विकलं गेलं नाही. दुकान सोडायची वेळ आली तेव्हा ताई बघायला गेली. शटर अर्धं ओढलेलं, आत भाऊ उपड्या बादलीवर बसलेला. तिला बघून म्हणाला, "ये. बसायला काही नाही."

घरी येऊन ती सरांजवळ रडली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "भेटायला हवं त्याला," म्हणाले. पण गेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवा लेख तिच्यासमोर ठेवला. मथळा होता, 'लाँड्री का बुडाली'. ताई वाचत गेली. अर्धं शटर त्यात होतं. उपडी बादली होती. 'बसायला काही नाही' हे वाक्यही होतं, शेवटी. वर कारणं दिली होती. पहिलं, एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहणं. दुसरं, लेखी करार नसणं. तिसरं, जुनी गिऱ्हाइकं तोडणं.

"हे तुम्हीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "या टेबलावर."

"मी मत दिलं. ठरवलं त्याने."

"मग तेही लिहा."

"अगं, वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि नाव कुठे घातलंय मी? दहा जण यातून शहाणे होतील."

ताईने लाल पेन बंद करून ठेवलं. लेखात दोन चुका तिला दिसल्या होत्या. तिने त्या तशाच राहू दिल्या. लेख त्या चुकांसकट छापून आला, आणि सरांच्या कुठल्याच लेखाला आले नव्हते इतके फोन आले.

रविवारी भाऊ आला. त्याच्या खिशात तो लेख होता. ताई स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"भावोजी, पहिलं कारण अगदी बरोबर लिहिलंय," तो शांतपणे म्हणाला. "माझं तिथेच चुकलं."

सर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "अपयशातून शिकायचं असतं," ते म्हणाले. "आता काही दिवस नोकरी धर."

"धरली. त्याच हॉटेलात, तळघरात. चादरींना इस्त्री."

तो निघाला तेव्हा ताई जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेली. "तू विसरलास का रे? कुणी सांगितलं होतं तुला?"

"नाही विसरलो."

"मग बोलला का नाहीस? मी बोलले असते तुझ्या बाजूने."

त्याने कठड्यावर हात ठेवला. बोटांच्या भेगा काळ्या पडल्या होत्या. "बोलून माझं दुकान थोडंच येणार आहे, ताई? मी बोलून मोकळा होईन, घरी जाईन. तुला इथेच राहायचंय."

त्यानंतर तो जेवायला आला नाही. कधी ड्यूटी आहे म्हणायचा, कधी पोराला बरं नाही. ताईनेही लेख वाचणं सोडलं. सरांनी विचारलं तर म्हणाली, डोळे दुखतात. त्यांनी कॉलेजातला एक विद्यार्थी गाठला, तो तपासून देऊ लागला. घरात भांडण झालं नाही. भाजी काय करू, दूधवाला आला का, एवढं बोलणं चालू राहिलं, आणि सरांना त्यात काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही.

पुढे लेखांचं पुस्तक निघालं. लाँड्रीचा लेख पहिला होता. प्रकाशकाचाच तसा आग्रह होता म्हणे.

प्रकाशनाच्या दिवशी सर नवीन कोट घालून पुढे गेले. ताई मागून येते म्हणाली आणि हॉटेलाच्या मागच्या दाराशी गेली. रखवालदाराने निरोप दिल्यावर भाऊ वर आला, घामाने निथळत, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. वाळला होता.

"आज तर कार्यक्रम आहे ना तुमचा?"

"आहे."

"मग?"

"नाही जाणार."

पोरांची चौकशी झाली. थोरल्याला चष्मा लागला होता. खालून मुकादमाने हाक मारली, पुन्हा मारली.

"जा तू," ताई म्हणाली. "रविवारी मीच येईन तुझ्याकडे."

"ये," तो म्हणाला, आणि तळघराच्या पायऱ्या उतरून गेला.