चुन्याचा खड्डा

रेनिझाफीनं सकाळी प्राण सोडला तेव्हा चुलीवरची पेज अजून उतरली नव्हती. जांघेत लिंबाएवढी गाठ, अंगात तापाचा वणवा. प्लेगच तो. त्याच्या बायकोला, राव्हाओनोरोला, ते कुणी सांगायला नको होतं. मादागास्करच्या त्या डोंगराळ मुलखात प्लेगनं घरंच्या घरं ओस पाडली होती.

धाकटा दीर रांद्रिया उंबऱ्यातच बसला होता. "वहिनी, सुईवाल्याला कळायच्या आत दादाला थडग्यात ठेवू. आबांशेजारी."

सरकारचा माणूस प्रत्येक प्रेताला सुई टोचून बघायचा. प्लेग निघाला की प्रेत गावाबाहेर चुन्याच्या खड्ड्यात, घराला आग, घरचे पहाऱ्यात. खड्ड्यात गेलेला माणूस पूर्वजांत मिसळत नाही. त्याची हाडं काढून नव्या वस्त्रात गुंडाळता येत नाहीत, त्याला सुखदुःख सांगता येत नाही.

तेवढ्यात पोरगी, लालाओ, ओलं फडकं घेऊन बापाचं तोंड पुसायला वाकली.

"लांब हो," राव्हाओनोरो म्हणाली. शेजाऱ्यांनी म्हातारीचं प्रेत लपवलं होतं, न्हाऊमाखू घातलं होतं. आता त्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नव्हतं.

"मी जाऊन कळवते."

"कुणाला?"

"सुईवाल्याला."

"वहिनी, नवरा आहे तो तुझा. कुत्रं मेलं नाही."

"आणि ही पोर कुणाची आहे?"

बांधाबांधानं ती एकटीच गेली. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. रडायलाही जवळ जाऊ दिलं नाही कुणी. लालाओ वाचली. रांद्रियाही वाचला, पण ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. वहिनीशी बोलणंच टाकलं.

पुढं लालाओचं लग्न झालं, मूल झालं. त्या वर्षी घराण्याचं थडगं उघडलं. राव्हाओनोरो स्वतः विणलेलं रेशमी वस्त्र घेऊन गेली.

रांद्रियानं ते हातात घेतलं. "छान विणलंयस," तो हळूच म्हणाला. "पण वहिनी, इथं कुणाला गुंडाळणार?"

त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"मामंजींना," ती म्हणाली.

बासऱ्या वाजू लागल्या. सगळे हाडं खांद्यावर घेऊन नाचू लागले. ती मात्र निघाली आणि खड्ड्याच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. मागोमाग लालाओ.

"अहो," ती खड्ड्याकडे बघत म्हणाली, "मामंजींना नवं वस्त्र मिळालं."



"आई, चल," लालाओ म्हणाली. "पोर भुकेलंय."